सोयरीक ठरेपर्यंत गोड नाही

कमोडोर विश्वनाथ खिल्लारे यांची आणि माझी पहिली भेट दिल्लीत झाली, नौदलाच्या एका बिनखिडकीच्या खोलीत, आणि ती भांडणानेच सुरू झाली. आपल्या विमानवाहू जहाजांसाठी नवी लढाऊ विमानं निवडायला एक समिती नेमली होती. साहेब तिचे अध्यक्ष, आणि मी, म्हणजे कमांडर कदम, अभियांत्रिकी शाखेचा, तिच्यातला सगळ्यांत नवा सभासद. साहेब आत आले, बसले, आणि आमच्या पुढ्यातल्या चकचकीत माहितीपुस्तिका मिटून ठेवायला सांगून म्हणाले, "पहिल्या महिन्यात कुणीही विमानाच्या वेगाबद्दल बोलायचं नाही." हे सगळं इंग्रजीत. मी तोंडातल्या तोंडात मराठीत म्हणालो, "मग काय रंगाबद्दल बोलायचं?"

साहेबांचे कान फार तिखट आहेत. त्यांनी इंग्रजी तिथंच सोडलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "कोण्या गावचे?"

"डोंगरकडा, सर."

"म्हंजी कळमनुरी तालुका. तरीच."

ते स्वतः सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचे. हिंगोली जिल्ह्यातली दोन माणसं दिल्लीत भेटली की गळ्यात गळे घालतात असं कुणाला वाटत असेल तर वाटू द्या. आम्ही त्या दिवसापासून जे भांडतो आहोत ते आजतागायत. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला 'साहेबांविषयी चार चांगले शब्द लिहा' असं सांगितलं, तेव्हा मी त्यांना स्पष्ट विचारलं की भांडणं वगळायची असतील तर माझ्याकडे लिहायला काय उरतं? ते म्हणाले, भांडणांसकट लिहा. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. साखऱ्याच्या ओढ्याला पावसाळ्यात गुडघाभर पाणी येतं तेव्हा पोरं बघायला धावतात. साहेबांचे वडील शाळेत मास्तर होते, घरची कोरडवाहू जमीन थोडीशी. पोरगं नौदलात जायचं म्हणतंय हे कळल्यावर मास्तरांनी एकच प्रश्न विचारला होता, "पोहता येतं का?" साहेब म्हणाले, "विहिरीत येतं." मास्तर म्हणाले, "मंग येतंच." एवढ्या भांडवलावर हा माणूस समुद्रावर गेला आणि पुढे देशाच्या सगळ्यांत मोठ्या जहाजांवर कोणतं विमान उतरावं हे ठरवणाऱ्या खुर्चीवर बसला. साहेब स्वतः हा किस्सा फार आवडीनं सांगतात, आणि शेवटी न चुकता म्हणतात की कळमनुरीकडच्या लोकांना विहिरीतसुद्धा येत नाही.

आता त्या समितीबद्दल. कोणता देश, कोणती कंपनी, कोणतं विमान, हे लिहायची मला परवानगी नाही, आणि असती तरी लिहिलं नसतं. एवढं सांगतो की शेवटी दोन विमानं उरली. एक दिसायला इतकं सुरेख की बघत राहावं. वेग भरपूर, वळणं डोळ्यांचं पारणं फेडणारी. दुसरं जाडजूड, बुटकं, थोडं अवघडलेलं. आम्ही आपसांत पहिल्याला 'देखणं' म्हणायचो आणि दुसऱ्याला 'सावळं'. माझा जीव देखण्यावर बसला होता. माझाच काय, समितीतल्या बहुतेकांचा आणि वरच्या साहेब लोकांचाही.

खिल्लारे साहेबांनी मग आम्हाला त्यांची पद्धत सांगितली. ती कुठल्याही लष्करी विद्यालयात शिकवत नाहीत. साहेब म्हणाले, "जहाज आपली लेक आहे. विमान जावई. फोटो सगळ्याच जावयांचे चांगले येतात." आमच्या भागात सोयरीक जुळवताना मुलीचा मामा न कळवता मुलाच्या गावी जातो. तो पुढच्या दारातून घर बघतच नाही. परसदार बघतो, गोठा बघतो, पाण्याची सोय बघतो, पिठाच्या गिरणीवर चार माणसांशी बोलतो. खोड काढणं हे त्याचं कामच असतं, आणि त्यात कुणाला राग यायचं कारण नसतं. साहेबांनी ठरवलं की प्रत्येक विमानाला एक मामा नेमायचा. आणि नियम असा की ज्याचा जीव ज्या विमानावर बसलाय, त्यानंच त्याचा मामा व्हायचं.

म्हणजे देखण्याचा मामा मी. मी चिडलो. म्हणालो, सर, हे उलटं आहे, ज्याला आवडत नाही त्याला खोड काढू द्या. साहेब म्हणाले, "ज्याला आवडत न्हाई त्याला सगळीच खोड दिसती. ज्याला आवडतं त्यानं एक जरी खोड सांगितली, तं ती खरी असती." मी देखण्याची फाईल पुढ्यात ओढली. महिनाभरात आमच्या समितीतले तमिळ, पंजाबी, बंगाली असे सगळे अधिकारी बैठकीत 'मामा' आणि 'परसदार' हे शब्द सर्रास वापरू लागले होते. एका ॲडमिरल साहेबांनी तर 'परसदार' हा काही नवा तांत्रिक शब्द असावा असं समजून त्याचा अर्थ लिहून मागवला होता.

पहिल्या कंपनीनं आम्हाला बघायला बोलावलं तेव्हाचा प्रसंग मी जन्मात विसरणार नाही. विमानतळावर मांडव घातलेला, खुर्च्या, झेंडे, आणि वर आकाशात आमचं देखणं कोलांट्या मारतंय. सगळे माना वर करून बघताहेत आणि खिल्लारे साहेब आकाशाकडे पाठ करून चालू लागले. मला खूण केली. मी नाइलाजानं मागे गेलो. मांडवाच्या मागे, दुरुस्तीच्या शेडमध्ये, असलंच एक विमान पोट उघडून पडलं होतं. साहेबांनी तिथल्या मेकॅनिकला विचारलं की इंजिन काढायला किती माणसं लागतात, कोणता सुटा भाग सगळ्यांत जास्त वेळा बदलावा लागतो आणि तो यायला किती दिवस लागतात. त्या बिचाऱ्याला असले प्रश्न कुणी पाहुण्यानं कधी विचारलेच नसावेत. तो खुलला आणि भडाभडा बोलू लागला. साहेब पांढऱ्याशुभ्र गणवेशात विमानाखाली उताणे पडून बघत होते. बाहेर आले तेव्हा पाठीवर तेलाचा एवढा मोठा डाग. तसेच जेवणाच्या टेबलावर जाऊन बसले.

जेवणाच्या शेवटी कंपनीवाल्यांनी केक आणला. साधासुधा नाही, आपल्या विमानवाहू जहाजाच्या आकाराचा, वर साखरेची छोटी छोटी विमानं. टाळ्या झाल्या. साहेबांच्या हाती सुरी दिली. त्यांनी केक कापला, स्वतःच्या हातानं सगळ्यांना वाढला, आणि आपली बशी रिकामी ठेवून बसले. कंपनीचे मोठे अधिकारी आग्रह करू लागले, तेव्हा साहेबांनी अतिशय नम्रपणे सांगितलं की आमच्याकडे सोयरीक ठरेपर्यंत पाहुण्यांनी गोड खायचं नसतं. त्याचा अनुवाद होईपर्यंत मी माझा तुकडा संपवला होता.

हॉटेलवर परत आल्यावर मी म्हणालो, "साहेब, आमच्याकडं असली काही रीत न्हाई."

"कळमनुरीत नसंल. सेनगावात हाय."

"एवढ्याशा अंतरात रीत बदलती व्हय?"

"बोली बदलती, तं रीत काहून न्हाई बदलणार?"

मला ते पटलं नाही, पण सेनगाव तालुक्यातल्या माणसाला त्याच्या तालुक्याबद्दल काही सांगायला जाऊ नये एवढी अक्कल मला होती. गंमत पुढे झाली. कंपनीनं समजूत करून घेतली की कमोडोर साहेबांना मधुमेह आहे, आणि पुढच्या भेटीत बिनसाखरेची मिठाई मांडली. साहेबांनी तिलाही हात लावला नाही. दुसऱ्या कंपनीच्या कानावर हे गेलं, कारण या लोकांचे कान साहेबांपेक्षाही तिखट असतात, आणि त्यांनी नुसतं खारट मांडलं. कुठून तरी चकल्यासुद्धा पैदा केल्या होत्या. फार चिवट होत्या. साहेबांनी त्या आनंदानं खाल्ल्या आणि नंतर त्या विमानाच्या मामाला बजावलं की चकलीचा विचार मनात आणू नका.

पण हे नुसतं कंपन्यांच्या दारात नव्हतं. बुद्धपौर्णिमेला साहेब सबंध समितीला घरी बोलावत. सुशीलावहिनींच्या हातची खीर म्हणजे काय चीज आहे हे ज्यांनी खाल्ली त्यांनाच माहीत. साहेब स्वतः पळी घेऊन सगळ्यांना वाढत, दुसऱ्यांदा घ्या म्हणून मागे लागत, आणि स्वतः घेत नसत. मी एकदा म्हणालो, साहेब, ही खीर तर कुठल्या कंपनीची नाही. ते म्हणाले, "विमान जहाजावर येऊन बसंस्तोवर कोणतंच गोड न्हाई, कदम." वहिनी तेव्हा स्वयंपाकघरात निघून गेल्या. मला वाटलं, या हट्टाला त्या वैतागल्या असतील.

साहेबांचा एक प्रश्न ठरलेला होता. कुणीही विमानाविषयी काहीही सांगितलं की ते शेवटी विचारत, "परत येईल का?" ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जहाजावरची धावपट्टी अगदी तोकडी असते. परत येणारं विमान शेपटीखालच्या हूकनं आडवी ताणलेली तार पकडतं आणि थांबतं. विमान जड असलं की त्याला वेगानं यावं लागतं, आणि वेग जास्त झाला की तार पेलत नाही. आता विमान जातं ते क्षेपणास्त्रं लादून. बहुतेक वेळा ती वापरायची वेळ येत नाही, म्हणजे तेवढंच ओझं घेऊन परत यायचं. ज्याला ते झेपत नाही त्याला आधी सगळं समुद्रात फेकून द्यावं लागतं, आणि ते करताना हातचा वेळ आणि इंधन दोन्ही जातं. दमून आलेल्या वैमानिकाला हे दारात येऊन करायला लावायचं. साहेब म्हणायचे, "सासरी जाताना सगळेच वाजतगाजत जातात. माहेरी येताना बघा." इथं साहेबांचा जावई एकाएकी लेक झाला, हे मी भर बैठकीत त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी मला चहाचं बघायला बाहेर पाठवलं.

जहाजाच्या संरक्षणाचा मुद्दाही असाच निघाला. काही अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की जहाजावरच्या जवळून मारा करणाऱ्या तोफा आणि छोटी क्षेपणास्त्रं कमी करावीत, म्हणजे तेवढ्या जागेत आणखी विमानं मावतील. विमानंच शत्रूला लांब ठेवतील, मग दारात तोफ कशाला? साहेबांनी यावर तक्ता नाही काढला. त्यांनी त्यांच्या आत्याची गोष्ट सांगितली. घरातलं सगळं वऱ्हाड लग्नाला जवळच्या गोरेगावला गेलं की साखऱ्यात घर राखायला आत्या मागे राहायची, दारात गोफण घेऊन बसायची. तिनं कधी लग्न बघितलं नाही, पण घरची एक कोंबडी कधी हरवली नाही. "म्हणून आमच्याकडं रीत हाय," साहेब म्हणाले, "वऱ्हाड सुखरूप परत आलं, की पहिला लाडू घर राखणाऱ्याचा. नवरदेवाच्या बापाचासुद्धा नंतर." ही रीत मात्र आमच्या डोंगरकड्यातही आहे, म्हणून मी मान डोलावली. तोफा राहिल्या. त्या दिवसापासून जहाजाच्या मागच्या टोकावरच्या तोफेला आमच्या समितीत सगळे 'आत्या' म्हणू लागले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माझ्यावर मामाची जबाबदारी होती, म्हणून देखण्याची परीक्षा कशी घ्यायची हे मीच लिहायचं होतं. मी लिहिलं की पूर्ण ओझं, थोडं इंधन, आणि कडक ऊन, कारण तापलेल्या हवेत विमानाचा जोर कमी होतो. खरं सांगायचं तर देखणं ही परीक्षा सहज पास होईल आणि साहेबांचं तोंड एकदाचं बंद होईल अशी माझी खात्री होती. कंपनीनं सकाळची वेळ मागितली. साहेब म्हणाले, आमच्याकडे मेमध्ये भर दुपारी लग्नं लागतात, हेही तेव्हाच लागेल.

समुद्रकाठच्या तळावर धावपट्टीवर जहाजाच्या मापाची आखणी केली होती आणि तार ताणली होती. विमान चालवत होते लेफ्टनंट कमांडर परब, मालवणकडचे, अंगानं बारीक, बोलायला मोकळे. चढताना मला म्हणाले, "मामा, काळजी करू नका." देखणं वर गेलं तेव्हा नेहमीसारखं सुंदर दिसलं. परत आलं ते मात्र फार वेगात. काठावर उभ्या असलेल्या इशारा देणाऱ्या अधिकाऱ्यानं हात हलवून त्याला वर जायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला हूक तारेला घासून निसटला आणि विमान आदळून पुन्हा उडालं. इंधन संपत चाललं होतं. साहेब माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की हात बधिर झाला, आणि ते त्यांना माहीतही नव्हतं.

कंपनीचा माणूस म्हणत होता की आणखी एकदा प्रयत्न करू द्या, नक्की बसेल. तिसऱ्यांदा बसलं असतं तर त्यांचं विमान पास झालं असतं. साहेबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, "परब, सगळं टाका. तुम्ही या." परबांनी नकली क्षेपणास्त्रं समुद्रात टाकली, हलके झाले आणि उतरले. विमान थांबलं तेव्हा साहेबांनी माझा हात सोडला. मग स्वतः चालत गेले, परबांना पाणी दिलं आणि त्यांच्या पाठीवर बराच वेळ हात ठेवून उभे राहिले. 

दुसऱ्या दिवशी, त्याच उन्हात, तेच परब सावळं घेऊन गेले. ते धडधडत, डुलत, अजिबात न शोभता आलं आणि पहिल्याच खेपेला सगळ्या ओझ्यासकट तारेला अडकून बसलं. मी आजही म्हणतो की ते विमान दिसायला बरं नाही. साहेब आजही म्हणतात की जावयाला आरशासमोर बसवायचं नसतं.

शेवटची बैठक सोपी नव्हती. वरिष्ठांनी देखण्याची बाहेर इतकी स्तुती करून ठेवली होती की माघार घेणं त्यांना जड जात होतं. असा प्रसंग क्वचित येतो, ओझं टाकावं लागलं तर टाकावं, असं म्हणणं पुढे आलं. साहेबांनी मामाला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि ज्या विमानावर माझा जीव होता त्याच्याविरुद्ध बोललो. एकही खोड लपवली नाही. मग साहेबांनी एवढंच सांगितलं की जे परत येताना वैमानिकाला ओझं टाकायला लावतं, त्यावर मी सही करणार नाही, तुम्हाला हवा तर दुसरा अध्यक्ष नेमा. आवाज चढला नाही. चहा थंड झाला. सावळ्याची शिफारस वर गेली.

सरकारी खरेदी म्हणजे काय ते वाचक जाणतात. शिफारस गेली, परत आली, पुन्हा गेली. साहेब निवृत्त झाले, पाठोपाठ मी झालो. ते साखऱ्याला घर बांधून राहिले, मी डोंगरकड्याला. गावात त्यांना सगळे 'जहाजवाले साहेब' म्हणतात. तिथं त्यांनी विहिरीत पोरापोरींना पोहायला शिकवायला सुरुवात केली. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि पाण्यात ढकलायचं, हीच पद्धत. मुलींनाही शिकवणार म्हटल्यावर काही लोक कुरकुरले. साहेबांनी त्यांच्याशी वाद घातला नाही, स्वतःच्या नातीला पहिल्यांदा पाण्यात उतरवलं. दुसऱ्या उन्हाळ्यात कुरकुरणाऱ्यांच्याच मुली काठावर रांगेत उभ्या होत्या. शिकवणी संपली की साहेब विहिरीच्या तोंडाशी उभे राहून मोजतात. जितके उतरले तितके वर आल्याशिवाय ते स्वतः घरी जात नाहीत.

माझ्या पत्नीचं मोठं आजारपण निघालं तेव्हा साहेब आणि वहिनी न सांगता डोंगरकड्याला आले आणि ती चालायला लागेपर्यंत आमच्याच घरी राहिले. साहेब रोज सकाळी चहा करायचे. त्यांचा चहा अतिशय वाईट असतो. आम्ही तो प्यायलो आणि अजूनही त्याची आठवण काढतो.

त्याच मुक्कामात एकदा साहेब बाहेर गेले असताना मी वहिनींना म्हणालो, "वहिनी, तुमच्या सेनगावची ती रीत लई कडक बुवा. सोयरीक ठरेपर्यंत गोड न्हाई."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, असली रीत कुठं हाय? आमच्याकडं बघायला आलेले पाहुणे शिरा खाल्ल्याबिगर उठत न्हाईत."

मग त्यांनी सांगितलं. साहेब तरुण असताना, जुन्या जहाजावर, त्यांच्याच केबिनमध्ये राहणारा एक वैमानिक मित्र होता. त्याला मुलगी झाल्याची बातमी आली. त्यानं जहाजभर पेढे वाटले, साहेबांच्या तोंडात स्वतःच्या हातानं घातला, आणि उड्डाणाला जाताना म्हणाला, माझा ठेव, येऊन खातो. येताना विमान जड होतं. तारेपर्यंत पोचलं नाही. साहेब डेकवर पेढा हातात घेऊन उभे होते. "तवापासून विमान वर असलं की ह्यांच्या तोंडात गोड न्हाई," वहिनी म्हणाल्या. "आन् समितीचं विमान तं अजून यायचंच होतं. मंग सुटलंच गोड."

 इतकी वर्षं मी या माणसाशी एका रीतीवरून भांडत होतो. संध्याकाळी साहेब आल्यावर चहा पिताना मी म्हणालो, "साहेब, तुमच्या सेनगावची रीत बराबर हाय. आमच्याकडंही पाहिजे होती." साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग वहिनींकडे बघितलं. "कळमनुरीच्या माणसाला कळायला येळ लागतो," एवढंच म्हणाले आणि कपबशा उचलून आत गेले.

आणि मग तो दिवस आला. साहेबांचा फोन आला, "कदम, साखऱ्याला या, परब येऊन राहिले." मी गेलो. परब आता मोठे अधिकारी झाले आहेत, केस पिकलेत, पण अंग तसंच बारीक. गोरेगावपासून रस्ता विचारत विचारत गाडी आणली होती. आदल्या आठवड्यात आपल्या जहाजावर सावळं पहिल्यांदा उतरलं होतं आणि परब तेव्हा डेकवर हजर होते. त्यांच्या हातात जहाजाच्या भटारखान्यात बांधलेल्या बुंदीच्या लाडवांचा डबा होता. आत येऊन त्यांनी सॅल्यूट केला, आणि मालवणकडचा हा माणूस आमच्या समितीतली भाषा उचलत म्हणाला, "सर, वऱ्हाड सुखरूप परत आलं. पहिला लाडू आत्याचा."

साहेबांनी लाडू हातात घेतला. लगेच खाल्ला नाही. विचारलं, "कशासकट आलं?"

"सगळ्यासकट, सर. काही टाकलं नाही."

मध्यंतरी डॉक्टरांनी साहेबांची साखर बंद केली होती. तेव्हा साहेब त्यांना म्हणाले होते की उशीर केलात, माझी आधीच बंद आहे. म्हणून वहिनी पटकन म्हणाल्या, "अर्धाच बरं का." साहेबांनी लाडू मोडला. अर्धा तोंडात घातला आणि डोळे मिटून सावकाश खाल्ला. उरलेला अर्धा त्यांनी बशीत ठेवला आणि ती बशी दाराजवळच्या कोनाड्यात नेऊन ठेवली. परबांना वाटलं नंतर खातील. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि मी उगाच डब्याचं झाकण लावत बसलो. मग साहेब वळले आणि मला म्हणाले, "काय कदम, देखणं आणलं असतं तं आज लाडू भेटला असता का?" मी म्हणालो, भेटला असता, पण समुद्रातून काढावा लागला असता. आम्ही सगळे खूप हसलो.

साहेब पंच्याहत्तर वर्षांचे झाले. सध्या आणखी एका नव्या जहाजाची चर्चा ऐकू येते आहे. म्हणजे पुन्हा सोयरीक आली, पुन्हा मामा आले, आणि मला ठाऊक आहे की साहेबांनी परवापासून पुन्हा गोड सोडलं आहे. तेव्हा त्यांच्या सर्व सुहृदांच्या वतीनं, आणि कळमनुरी तालुक्याच्या वतीनं मी एवढंच मागतो की साहेबांना भरपूर आणि धडधाकट आयुष्य मिळो. नव्या जहाजाचं वऱ्हाड अजून निघायचं आहे. ते जाईल, परत येईल, आणि येईल तेव्हा पहिला लाडू घ्यायला घर राखणारा माणूस साखऱ्याच्या दारात बसलेला असायला हवा.